'ब्लफ'ला हूल म्हणावं की थाप?

शहापूर, बेळगाव : पोकरच्या मजकुराचं मराठी करताना 'ब्लफ'पाशी (हलकी पानं असून भारी असल्यासारखं लावणं) अडलंय. 'थाप मारली' लिहिलं तर कानाला खटकतंय. आणि जो सारखा ब्लफ करतो त्याला काय म्हणायचं? थापाड्या?

निपाणी : थाप तोंडानं मारतात. पोकरमध्ये माणूस गप्प बसून नुसती चिपांची चवड पुढं सरकवतो, त्याला थाप कशी म्हणणार? हूलच बरोबर. खो-खोत पळणारा हूल देतो, मागचा फसला तरच ती कामाला येते. इथंही समोरच्यानं पानं टाकली तरच हूल लागू पडते, तो बसून राहिला की देणारा उघडा पडतो. 'थापाड्या' तर नकोच, ती शिवी झाली. हूल खेळाच्या नियमातच बसते. 'हूलबाज' चालेल, खरं मला साधं 'सारखी हूल देणारा' जास्त आवडतं.

खानापूर : हूल आणि हुलकावणी एक धरू नका. पाऊस हुलकावणी देतो, म्हणजे येतो येतो म्हणून निसटतो. हूल देणारा अंगावर येतो.

तीन पत्तीतली ब्लाइंड चालही हूल नव्हे. पानं उचललेलीच नाहीत, मग हलकी असून भारी दाखवायचा प्रश्न येतोच कुठं? इस्पीट हा शब्द आपल्याकडं कन्नड-मराठी दोघांचाही, त्यामुळं डावाला बसलेल्यांत हे शब्द सहज मिसळतात. लिहिताना तरी वेगळे ठेवूया की.

निपाणी : 'अर्धी हूल'ही लागेल. हातात दोन बदाम, फ्लॉपवर (टेबलावर उघडलेली पहिली तीन पानं) दोन बदाम; पाच झाले की फ्लश. 13 पैकी 9 उरले, पुढच्या दोन पानांत एखादा यायची शक्यता साधारण 35 टक्के. तोवरची चाल अर्धी हूल. रिव्हरवरही (शेवटचं, पाचवं पान) बदाम आला नाही आणि तरी त्यानं चिपा लावल्या, की ती पुरी हूल.

चिकोडी : शब्दाबरोबर हिशोबही द्या, नाहीतर वाचणाऱ्याला 'हूल पकडणं' म्हणजे धाडस वाटेल. पॉट (मधे जमलेल्या चिपा) 600, तो 300 लावतो. तुम्ही 300 घालून 900 साठी खेळता, म्हणजे चारात एकदा जिंकलात तरी बरोबरी. त्यानं 600 लावले तर तिनात एकदा. सारखी हूल देणाऱ्यापुढं मधली जोडीसुद्धा एवढं काम करते.

चूक होते ती रेझ करण्यात (त्यानं लावलेल्यावर वाढवून लावण्यात). हूल पकडायच्या पानांवर रेझ केलं की हूल देणारा पॅक करतो (पानं टाकतो), आणि जो थांबतो त्याच्याकडं बहुतेक तुमच्यापेक्षा भारी पान असतं. आधी चेक करा (काही न लावता चाल पुढं द्या), त्याला लावू द्या, मग नुसतं बघा (तेवढंच घाला).

आणखी एक, हे फार जण विसरतात. टेबलावर दोनच बदाम आहेत, फ्लश फसला. उरलेल्या 11 बदामांच्या 55 जोड्या समोरच्याकडं असू शकतात, आणि हूल बहुतेक अशाच फसलेल्या जोडीवर दिली जाते. तुमच्या हातात एक बदाम असला तर 45 च राहतात, दोन असले तर 36. म्हणजे आपल्या हातात बदाम असला की समोरून हूल असायची शक्यता घटते. हूल पकडायला बदाम नसलेला हात बरा.

(सराव चिंचोक्यांवर करा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायला 2025 च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे.)

शहापूर, बेळगाव : मग वाक्य असं करतोय : 'त्याने रिव्हरवर 300 ची हूल दिली, मी ती हूल बघितली.' बरोबर?

खानापूर : पहिला भाग ठीक, पण तो पानं उघडल्यावर सांगायचा. 'हूल बघितली' नको. चिपा घालताना ती हूल आहे हे तुम्हाला कुठं ठाऊक होतं? 'मी चाल बघितली' लिहा. आणि पानं उलटल्यावर, बदाम फसलेले दिसले की, 'हूल पकडली'.