वर्गात पाच पंपवाले! दमा खरंच एवढा वाढलाय?

अनघा_वडगाव
लेक तिसरीत, शाळा सिंहगड रोडला. परवा पालकसभेत बाई म्हणाल्या, "ज्यांच्या दप्तरात पंप असतो त्यांनी नावं द्या." पंचावन्न मुलांच्या वर्गातून पाच आया उठल्या, त्यात मीही. आमच्या वेळी अख्ख्या शाळेत एखादाच बाळदम्याचा पोरगा असायचा. शाळेशेजारी टॉवर उठताहेत, त्या धुळीनेच होतंय का हे? सासूबाईंचं म्हणणं, पंपाची सवय लागते, त्यापेक्षा सिरप द्या. आणि पीटीला पाठवू की नको?

खवचट_पेठकर
आमच्या वेळीही होताच की. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकायचे, वर शाळेला दांडी. नाव कोण ठेवतंय आजाराला!

मैदानावरचा_मास्तर
पीटीचा विषय निघाला म्हणून लिहितो. शिकवतो कोथरूडच्या बाजूला.

आधी आकडा. ग्लोबल अस्थमा नेटवर्कची भारतातली पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात पुणंही होतं. सहा-सात वर्षांच्या मुलांत दमा तीन टक्क्यांच्या जरा वर, तेरा-चौदाच्या मुलांत साडेतीनच्या आसपास. त्या हिशेबाने तुमच्या वर्गात दोन. बाकीच्यांना सर्दीनंतरच्या घरघरीसाठी पंप दिला असेल. मला खटकलं ते पुढचं: ज्यांना घरघर होत होती, त्यांतल्या दहापैकी आठ जणांना दम्याचं निदान झालेलंच नव्हतं.

मैदानावर हेच बघतो. पंपवाल्यांची मला धास्ती नाही, त्यांच्या घरी माहीत आहे. डिसेंबरात सकाळी दोन फेऱ्या मारल्या की सगळेच धापा टाकतात. पाच मिनिटांत बाकीचे नळावर ढकलाढकली करायला लागतात, आणि एखादा पायरीवर बसून कोरडं खोकत राहतो. पळताना नाही, थांबल्यावर वाढतो त्याचा खोकला. मधेच तळहाताने नाक खालून वर चोळतो. काहींच्या नाकावर तर त्याने आडवी रेघ उमटलेली असते, ती अ‍ॅलर्जी. प्रगतिपुस्तकात अशा पोरांना 'स्टॅमिना कमी' असा शेरा असतो. डायरीत लिहून पाठवलं तर उत्तर येतं, "त्याला थंड सोसत नाही, सर."

सासूबाईंना हिशेब सांगा. औषध दोन्हींत एकच, श्वासनळ्या मोकळं करणारं साल्ब्युटामॉल. नेहमीच्या सिरपच्या ५ मिलीत ते २ मिलिग्रॅम, निळ्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम. विसावा हिस्सा, तोही थेट छातीत. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं ते पोकळ नळकांडं, मात्र लावाच.

पीटीला बिनधास्त पाठवा, पण पंप मैदानावर हवा. एका शाळेत तो ऑफिसच्या कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई बँकेत, असं बघितलंय.

औंधची_मावशी
धुळीबद्दल. मुळात दम्याची प्रकृती असते, धूळ तिला डिवचते. भाचीच्या डॉक्टरांनी टॉवरआधी गादी आणि भिंतीची ओल विचारली. पावसाळ्यानंतर मोकळ्या प्लॉटवर माजणारं गाजर गवतही बघा. पुण्यात त्याची नोंद १९५५ च्या सुमाराची, म्हणजे टॉवरांच्या कितीतरी आधीची. आणि निळा पंप फक्त धाप लागल्यावरचा. डॉक्टरांनी रोजचा वेगळा दिला असेल तर बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. आमच्याकडे दिवाळीची सुट्टी लागली की हटकून तेच होतं.

अनघा_वडगाव
रोजचा आहे, आणि सुट्टीत बंदच होता. करते सुरू. सर, मैदानावर पंप न्यायला डॉक्टरांचं पत्र लागेल का?

मैदानावरचा_मास्तर
तुमच्या शाळेचा नियम विचारा, पण मागितलं नाही तरी द्या. किती दाब, कधी, फरक पडला नाही तर कुठे न्यायचं, फोन कोणाला. एक झेरॉक्स बाईंकडे, एक पीटीच्या सरांकडे. आणि पंपावर उरलेल्या दाबांचा आकडा असेल तर दर सोमवारी बघत जा. रिकामा पंप घेऊन पळणारी पोरंही भेटतात.