पद्मिनीत एस्टीमचं इंजिन आहे, हीटर कसा जोडायचा?

प्रश्न: प्रीमियर पद्मिनी, आत मारुती एस्टीमचं १३०० सीसी इंजिन. सोलापुरात हीटर लागत नाही, पण डिसेंबरात पहाटे महाबळेश्वरला निघालं की काच आतून धुरकटते. इंजिनवरच्या हीटरच्या दोन नळ्या एका होजने एकमेकींना जोडल्यात. पाणी तिथूनच घ्यायचं ना?

उत्तर: तिथूनच, दादा. इंजिनच्या हेडकडची नळी कोअरला (केबिनमधला हीटरचा छोटा रेडिएटर), परतीची वॉटर पंपाच्या सक्शनला, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या बाजूला. रेडिएटरच्या वरच्या होजला टी-जोड मारू नका, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत तिथे गरम पाणी फिरतच नाही. नळीचा व्यास मोजा, बहुतेक १६ मिमी निघेल, आणि हीटर होजच घ्या. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) भोकात रबर ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, हवंच, नाहीतर पत्र्याची धार होज कापते.

दुसरं उत्तर: हीटरचं पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह विसरू नका. आपल्याकडे मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यात कोअर तापलेला म्हणजे केबिनची भट्टीच. पण नुसता चालू-बंद कॉक नको. पाण्याचा बायपास (थर्मोस्टॅट बंद असताना पाणी परत फिरायची वाट) याच हीटरच्या लूपमधून असेल, तर कॉक बंद करताच थर्मोस्टॅटपर्यंत गरम पाणी पोचत नाही. चार तोंडांचा बायपास व्हॉल्व्ह लावा, तो कोअर बंद करूनही पाणी फिरतं ठेवतो.

प्रश्नकर्ता: ब्लोअरची वायरिंग?

उत्तर: रिलेवरून (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). मोटर १० अँपिअर ओढत असेल तर १५ चा फ्यूज, तोही बॅटरीजवळ. हवेचा डक्ट आधी काचेला, मग पायांना.
कूलंट भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, इंजिन थंड असतानाच कॅप काढा, हीटर पूर्ण उघडा. चालू केल्यावर एक होज गरम, दुसरा गार लागला तर बहुधा कोअरमध्ये हवा अडकलीय.