अभंगाच्या चालीत हवामानबदल कसा बसवायचा?

माळरान: शेतकरी मेळाव्यासाठी बदलत्या पावसावर गाणं लिहितोय, मोठ्या अभंगाच्या छंदात. ध्रुवपदात 'हवामानबदल रोखू या' आहे, पण गाताना अडखळतं आणि घोषणा दिल्यासारखं वाटतं. पहिलं कडवं कोरड्या गेलेल्या मृगाचं. सुरुवातीला पावसाचा खरा आवाजही हवाय. काय बदलू?

ओवीकार: अक्षरं मोजा, अडखळणं तिथेच सापडेल. मोठ्या अभंगाचे चरण ६-६-६-४ अक्षरांचे, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला, जोडाक्षर एकच धरायचं. 'हवामानबदल' ७ अक्षरी, 'कार्बन उत्सर्जन'ही ७. म्हणजे गायकाला एक अक्षर गिळावं लागतं. 'तापमानवाढ' सहात बसतं, पण त्यातून डोळ्यांपुढे काहीच येत नाही. त्यापेक्षा असं काही:

मृगही सरला । कोरडीच माती ।
बियाण्यांची पोती । शिवलेली ॥

पोत्याची शिवण उसवली नाही म्हणजे पेरणी खोळंबली, हे मेळाव्यात कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. अमेरिकी गायक मार्विन गे यांच्या १९७१ च्या पर्यावरणावरच्या गाण्यातही समुद्रातलं तेल आणि माशांतला पारा आहे. ध्रुवपद दर कडव्यानंतर येतं, म्हणून आवाहन तिथे नकोच. 'बियाण्यांची पोती शिवलेली' हेच घोळवा.

नक्षत्र: आशयातही एक अडचण आहे. मृग पूर्वीही कोरडे जायचे, आणि समोरचे शेतकरी ते लगेच सांगतील. एका वर्षाचा पाऊस म्हणजे हवामान बदललं असं होत नाही, त्यासाठी काही दशकांच्या नोंदी लागतात. परतीच्या पावसावर एक कडवं घ्याच. अशाच नोंदींवरून २०२० साली हवामान खात्याने मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. मुंबईत मान्सून येण्याची तारीख १० जूनवरून जेमतेम ११ जून झाली, परतण्याची मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर. मराठवाडा-विदर्भात याच सुमारास सोयाबीन सोंगून गंजी लावलेल्या असतात. गंजीत पाणी शिरलं की शेंगेतच कोंब फुटतात. 'सोयाबीन' नेमकं चार अक्षरी आहे:

दसरा लोटला । पाऊस न सरे ।
गंजीत अंकुरे । सोयाबीन ॥

ओवीकार: हे फार छान बसलं! फक्त 'अंकुरे'तला 'अं' समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ओढू नका, 'गंजीत'ला चिकटून म्हणा.

ध्वनिमुद्रक: पावसाचं मुद्रण मोबाइलवर करू नका. सर गडद झाली की त्यातलं स्वयंचलित नियंत्रण आवाज दाबतं, ओसरली की वाढवतं, आणि सगळं हेलकावे खातं. हाताने पातळी लावता येणारा रेकॉर्डर घ्या: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास. माइक वळचणीच्या आत ठेवा, वाऱ्यासाठी केसाळ टोपी घाला. थेंब टोपीवर पडला तर टपटप येते आणि ती नंतर निघत नाही. पत्र्याखाली मुद्रण नकोच, नुसता खडखडाट मिळतो. सलग पाच मिनिटं घ्या. मिश्रणात पावसाच्या ट्रॅकवर १०० हर्ट्झच्या खालचं कापा आणि २ ते ६ किलोहर्ट्झचा पट्टा ४-५ डेसिबलने उतरवा. पावसाची सरसर त्याच पट्ट्यात असते, गायकाचे 'स', 'श', 'च'ही तिथेच. तो उतरवला नाही तर 'पाऊस न सरे'मधला 'सरे'च ऐकू येणार नाही.