सत्तावीस चुकलेले नेम आणि त्यामागचे पाय

२०१८ साली एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधला ह्युस्टन रॉकेट्सचा संघ केवळ नशिबाने हरला, हे मत मला अर्धेच पटते. साखळीत ६५ सामने जिंकलेला आणि वेस्टर्न कॉन्फरन्सच्या (लीगच्या पश्चिम विभागाच्या) सात सामन्यांच्या अंतिम फेरीत गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध ३-२ असा पुढे असलेला तो संघ सातव्या सामन्यात घरच्या मैदानावर ओळीने २७ तीन-गुणी फेकी (लांबून मारलेल्या, तीन गुणांच्या) चुकला, तेव्हा नशीब आठवणे साहजिक आहे. पाचव्या सामन्यात रॉकेट्सच्या ख्रिस पॉलची मांडी दुखावली नसती तर, हा प्रश्नही रास्तच आहे (अर्थात वॉरियर्सकडेही त्यांचा खेळाडू आंद्रे इग्वाडाला नव्हता, हे आपण सोयीस्करपणे विसरतो).

तरीही त्या २७ फेकींकडे जरा निरखून पाहावे. त्यांतल्या बऱ्याचशा मोकळ्या होत्या आणि त्या चुकल्या, कारण रॉकेट्सचे प्रशिक्षक डी'अँटोनी मोजक्याच खेळाडूंवर विसंबून होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ३३-१५ असा मार बसत असताना दमलेल्या पायांतून उडी पुरेशी उठत नव्हती. रॉकेट्सच्या अरीझाच्या नऊच्या नऊ तीन-गुणी फेकी वाया गेल्या. दुसरे म्हणजे रॉकेट्सचा मुख्य खेळाडू हार्डनने चेंडू हाती ठेवून समोरच्या बचावपटूला एकट्याने झुंजवायचे आणि इतरांनी कोपऱ्यात उभे राहायचे, ही पद्धत साखळीत रोज नव्या प्रतिस्पर्ध्यापुढे खपून जाते. पण एकाच संघाशी दोन आठवडे गाठ पडली की त्याला तिची नस सापडते. नेम लागेनासे झाल्यावर बास्केटकडे मुसंडी मारून फाउल (आणि त्यातून मोफत फेकी) मिळवण्याचा दुसरा मार्ग पॉलविना हार्डन एकटा किती वेळ रेटणार होता?