सर्वच वेळा यूटीसीमध्ये साठवाव्यात का?
सॉफ्टवेअरमध्ये सर्व तारखा आणि वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जगभरासाठीच्या एकाच प्रमाण वेळेत साठवाव्यात, हा नेहमी सुचवला जाणारा नियम घडून गेलेल्या घटनांच्या नोंदींसाठी योग्यच आहे. मात्र जन्मतारखेला तो लावणे घातक ठरते, कारण जन्मतारीख हा काळातला नेमका क्षण नसून दिनदर्शिकेतला केवळ एक दिवस असतो. आयएसओ ८६०१ या तारीख लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय स्वरूपात ५ मार्च १९९० ही नुसती तारीख जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतील डेट ऑब्जेक्टला (तारीख-वेळ हाताळणाऱ्या घटकाला) दिली, तर ती यूटीसीची मध्यरात्र मानली जाते. कालविभागाचा उल्लेख न करता तिला वेळ जोडली, तर स्थानिक वेळ मानली जाते. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे पुण्यात नुसत्या तारखेची चाचणी करताना ती बरोबरच दिसते, यूटीसीच्या मागे असलेल्या न्यूयॉर्कमधील वापरकर्त्याला मात्र ४ मार्च दिसते, आणि म्हणूनच हा दोष आपल्याकडे फार उशिरा उघड होतो.

भविष्यातील भेटींसाठी स्थानिक वेळ आणि कालविभागाचे नाव, दोन्ही साठवावे, असा माझा आग्रह आहे. मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२ मध्ये बहुतांश भागातील उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याची पद्धत) रद्द केली, तेव्हा पुढील उन्हाळ्याच्या ज्या वेळा आधीच यूटीसीत रूपांतरित केलेल्या होत्या, त्या नव्या नियमाने एक तास आधीच्या दिसू लागणे अटळ होते.

मराठी लोकॅलमधून (भाषा-प्रदेशानुसार मजकूर दाखवण्याच्या सेटिंगमधून) मिळणारे देवनागरी अंक केवळ दाखवण्यासाठी वापरावेत. जावास्क्रिप्ट ते संख्या म्हणून परत वाचू शकत नाही.