'स्वमत'सुद्धा पाठ करतात, काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नववी-दहावीला मराठी शिकवते. कृतिपत्रिकेतले (म्हणजे परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेतले) स्वमताचे प्रश्न मुलांनी स्वतः विचार करावा म्हणून असतात. पण त्यांचीही तयार उत्तरं गाईडमध्ये मिळतात, क्लासमध्ये घोकून घेतली जातात. अख्ख्या वर्गाचं 'स्वतःचं' मत शब्दशः एकच! एका मुलीने कवितेतला पाऊस घरच्या शेतात भिजलेल्या कांद्याशी जोडून फार सुंदर लिहिलं. पालकांनी विचारलं, "बोर्डात याला मार्क देतील का?" तेव्हापासून तीही पाठ केलेलंच लिहिते. मला याचा खरंच त्रास होतो.

शिक्षण हक्क कायदा, २००९ मधल्या कलम २९ मध्ये कृतीतून, शोधातून शिकण्याचा उल्लेख आहे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणालाही घोकंपट्टी नकोय. माझी अडचण रोजच्या तासाची आहे.

अशी उत्तरं तपासताना तुम्ही गुण कसे विभागता? मताला दिलेल्या कारणाला किती, भाषेला किती? गाईडमध्ये सापडणार नाहीत असे प्रश्न कसे काढता? गावातले प्रसंग घालून बघतेय, पण तेही लवकरच साचेबद्ध होतात. वेगळ्या उत्तरालाही चांगले गुण मिळालेत असे नमुने (मुलांची नावं झाकून) कोणाकडे आहेत का? पालकसभेत दाखवायचे आहेत. विज्ञान, इतिहास शिकवणाऱ्यांनीही जरूर सांगा.