५ एप्रिलच्या फलकासाठी: कॅप्टन राधिका मेनन यांच्याबद्दल दोन शंका

विश्रामबाग_वाचनकट्टा
५ एप्रिलला, राष्ट्रीय सागरी दिनाला, सांगलीतल्या आमच्या वाचनालयाच्या दर्शनी फलकावर कॅप्टन राधिका मेनन यांची माहिती लावायची आहे. कच्चा मसुदा असा: ‘भारतीय नौदलातील पहिल्या महिला कॅप्टन. भर वादळात बोटी सोडून त्यांनी सात मच्छीमारांचे प्राण वाचवले.’

शंका दोन. त्या आधी रेडिओ ऑफिसर होत्या म्हणे. मग संदेश पाठवणाऱ्या खोलीतून जहाजाच्या कप्तानपदावर जाता येतं कसं? आणि समोर एवढं मोठं जहाज उभं असताना सात माणसं वर घ्यायला तीन प्रयत्न का लागले? फलक दहावी-बारावीची मुलं वाचतात, त्यामुळे गोलमाल नको.

जुना_सुकाणू
मसुद्याची दोन्ही वाक्यं बदला.

नौदल नव्हे, व्यापारी नौवहन. नौदल दिन ४ डिसेंबरला असतो, तो वेगळा. नौदलात कॅप्टन ही लष्करी श्रेणी आहे. व्यापारी जहाजावर ते पद आहे आणि प्रमाणपत्रावर शब्द असतो ‘मास्टर’. मेनन केरळातल्या कोडुंगल्लूरच्या. कोचीत रेडिओचा अभ्यासक्रम करून त्या शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियात लागल्या. २०१०मध्ये मास्टरचं प्रमाणपत्र मिळालं आणि २०१२मध्ये ‘सुवर्ण स्वराज्य’ या तेलवाहू जहाजाची सूत्रं हाती आली.

आता रेडिओचं. पूर्वी जहाजावर मोर्स ही संदेशलिपी जाणणारा स्वतंत्र अधिकारी लागायचा. जीएमडीएसएस ही उपग्रहावर आणि डिजिटल हाकेवर चालणारी यंत्रणा १९९२पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १ फेब्रुवारी १९९९ला पूर्ण लागू झाली. तेव्हापासून संकटाची हाक बटणावर जाते आणि ते काम डेकवरचेच, म्हणजे जहाज हाकणारेच, अधिकारी करतात, म्हणून रेडिओ ऑफिसरचं पदच आटलं. डेकवर यायचं तर परीक्षा देत सेकंड मेटपासून चढत जावं लागतं: सेकंड मेट, फर्स्ट मेट, मास्टर. प्रत्येक पायरीला ठरावीक समुद्रसेवा, लेखी आणि तोंडी परीक्षा. रेडिओच्या खोलीत काढलेली वर्षं ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज हाकण्याच्या खोलीतल्या, पहाऱ्यात धरली जात नाहीत. फलकावर एकच ओळ द्यायची झाली तर हीच द्या. ‘जिद्द’, ‘गगनभरारी’ वगैरे शब्द वगळले तरी चालतील.

लाटांचा_हिशेब
सुटकेचा तपशील. जून २०१५, बंगालचा उपसागर, ओडिशातल्या गोपाळपूरसमोर. मेनन तेव्हा ‘संपूर्ण स्वराज्य’वर होत्या. ‘दुर्गम्मा’ या मासेमारी बोटीचं इंजिन बंद पडलेलं, नांगर गेलेला, अन्नपाणी वाहून गेलेलं. आतली सात माणसं शीतपेटीतल्या बर्फावर जगत होती. वयं १५ ते ५०. २२ जूनला जहाजाच्या सेकंड ऑफिसरला ती अडीच किलोमीटरवर दिसली. लाटा २५ फुटांहून उंच, वारा ६० नॉटच्या वर, म्हणजे ताशी ११० किलोमीटरहून जास्त, शिवाय जोराचा पाऊस.

पाणी फुटांत मोजणं सांगलीकराला नवं नाही. आयर्विन पुलाशी ४० फुटांवर इशारा, ४५वर धोका. पण कृष्णा फुगते ती तासांच्या हिशेबाने. समुद्रातलं २५ फूट म्हणजे आठ-दहा सेकंदांत एकदा वर आणि एकदा खाली. मुलांना हा फरक जरूर सांगा.

तीन प्रयत्न का? मोठ्या जहाजाला ब्रेक नसतो. सुकाणू चालतं ते त्यावरून वाहणाऱ्या पाण्यावर. वेग उतरला की सुकाणू ऐकत नाही आणि वारा जहाजाला हवं तसं फिरवतो. वेग ठेवावा तर होडी बाजूने निसटते आणि फेकलेली दोरी पोचत नाही. म्हणून जहाज होडीच्या वाऱ्याकडच्या बाजूला आणतात, म्हणजे जहाजाच्या आडोशाला पाणी थोडं निवतं. मात्र त्यासाठी जहाज वाऱ्याला आडवं धरावं लागतं. ते लोळायला लागतं, शिवाय वाऱ्याने होडीवरच सरकत जातं. होडी जहाजाच्या पोटाला आपटून फुटू शकते. मागे सरकली तर जहाजाच्या पाण्यातल्या पंख्यात सापडते, म्हणून ती मागच्या बाजूला येण्याआधी इंजिन थांबवावं लागतं. आणि इंजिन थांबलं की पुन्हा सुकाणू गेलं. एकदा अंतर चुकलं की लांबचा वळसा घालून पहिल्यापासून सुरुवात. तिसऱ्या खेपेला सातही जण वर आले, हे अशा हवेत फार चांगलं काम आहे.

विश्रामबाग_वाचनकट्टा
नौदल खोडलं. पण जहाजावर जीवरक्षक बोटी असतात ना? त्यातली एक का नाही सोडली?

लाटांचा_हिशेब
तशा हवेत खाली सोडलेली बोट आकड्यांवर (हुकांवर) झोके घेत जहाजावर आदळते. पाण्यात पोचली तरी एक आकडा सुटतो, दुसरा अडकतो आणि बोट उभी लटकते. जहाज ५ नॉटपर्यंत पुढे जात असताना बचावबोट सोडता आली पाहिजे असा नियम आहे खरा, पण तो शांत पाण्याचा. सात जणांना वाचवायला जाऊन स्वतःचे चार-सहा खलाशी घालवायचे, हा हिशेब कुठलाही मास्टर करणार नाही. मेनन यांनी पायलट शिडी लावली. जीवरक्षक जाकिटं आणि तरंगत्या कड्या तयार ठेवल्या.

दोरखंड_आणि_गाठी
शिडीचं मीच सांगतो, कारण ‘दोरीची शिडी’ म्हटलं की लोकांना सर्कस आठवते. पायलट शिडीचं मोजमाप ठरलेलं असतं. दोन पायऱ्यांत ३१ ते ३५ सेंटिमीटर, बाजूचे दोर किमान १८ मिलिमीटर जाडीचे, खालच्या चार पायऱ्या रबराच्या. पाचवी पायरी १८० सेंटिमीटर लांब, म्हणजे शिडी पिळवटत नाही. पुढे अशी लांब पायरी जास्तीत जास्त नऊ पायऱ्यांच्या अंतराने. चढ ९ मीटरपेक्षा जास्त असेल तर नुसती शिडी चालत नाही, तिला जहाजाच्या जिन्याची जोड द्यावी लागते.

पाय कधी टाकायचा, हे सगळ्यात अवघड. होडी लाटेच्या माथ्यावर असतानाच शिडी धरायची आणि लगेच तीन-चार पायऱ्या वर जायचं. होडी खाली असताना धरली तर पुढच्या लाटेबरोबर ती वर येते आणि पाय होडी-जहाजात चेंगरतात. उपाशी माणसाच्या हातात पकड नसते, अशाच्या काखेखालून बोलाइन गाठीने दोर बांधून वरून ताण धरतात. ती गाठ फास होत नाही, घट्ट आवळत जात नाही.

जुना_सुकाणू
पुरस्काराचं राहिलं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा समुद्रावरील असामान्य शौर्याचा पुरस्कार, २०१६, लंडन. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

५ एप्रिलचं कारणही कोपऱ्यात टाका. १९१९मध्ये या दिवशी सिंदिया या भारतीय जहाज कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. त्या कंपनीच्या संस्थापकांपैकी वालचंद हिराचंद, म्हणजे विश्रामबागेतल्या वालचंद कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच. तुमच्या दारातच धागा आहे, वापरा.

मुलं विचारतीलच, म्हणून: बारावीला भौतिक, रसायन, गणित, मग आयएमयूची, म्हणजे इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची, सीईटी. नॉटिकल सायन्सचा वर्षाचा डिप्लोमा आणि त्यानंतर १८ महिने जहाजावर कॅडेट, किंवा तीन वर्षांची बी.एस्सी. रंगांधळेपणा असेल तर डेक बंद, कारण रात्री समोरच्या जहाजाची दिशा लाल-हिरव्या दिव्यांवरून ओळखायची असते. ही तपासणी फी भरण्याआधी करून घ्या. आणि ‘जहाजावर चिकटवतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना आहे का, ते नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहा.

विश्रामबाग_वाचनकट्टा
नवा मसुदा: ‘व्यापारी नौवहनातील भारताच्या पहिल्या महिला कॅप्टन. रेडिओ ऑफिसर म्हणून सुरुवात, डेकच्या परीक्षा देऊन २०१०मध्ये मास्टर. २२ जून २०१५ रोजी गोपाळपूरसमोर तिसऱ्या प्रयत्नात, पायलट शिडीने, सात मच्छीमारांची सुटका.’ चालेल?

दोरखंड_आणि_गाठी
चालेल. फक्त ‘पायलट’ला तळटीप जोडा. इथे पायलट म्हणजे बंदरात शिरताना जहाजावर येऊन वाट दाखवणारा तज्ज्ञ, आणि ती शिडी रोज त्याच्यासाठी लावतात. नाहीतर एखादं पोर विचारेल, विमानवाला मध्येच कुठून आला.